अनसाआत्या, कडी मी लावली होती

अनसाआत्या,

परवा तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तालुक्याहून आलेल्या एका पुढाऱ्यानं तुझ्यावर पाऊण तास भाषण केलं आणि त्यात तुझं नाव दोनदा चुकवलं. एकदा अंजनाबाई म्हणाला, एकदा अनुराधाबाई. तू असतीस तर पदराआड हसली असतीस आणि मला कोपरानं ढोसलं असतंस, "मास्तरीणबाई, ह्यो कुणाबद्दल बोलायलाय ग?" तो म्हणाला, तुम्ही दुःखितांचे अश्रू पुसलेत. साफ खोटं. तू कधी कुणाचे अश्रू पुसले नाहीस. कुणी पुसायला गेलं तर त्याचाच हात धरायचीस. "वाहू दे की. तोंडाला काय डाग पडायलेत व्हय?"

मलाही बोलायला सांगितलं होतं. शाळेतली बाई, तुझ्या घरात चौदा वर्षं भाड्यानं राहिलेली, तिनं दोन शब्द बोलावेत असं सगळ्यांना वाटणं साहजिक होतं. मी उठले, हात जोडले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, हुंदका आला. हुंदका वगैरे काही नव्हता. जे बोलायचं होतं ते राधासमोर बोलायची हिंमत नव्हती, आणि तुझी ही सून पहिल्याच रांगेत माझ्याकडे तोंड करून बसली होती.

परभणीच्या शिबिरात दाराला बाहेरून कडी मी लावली. हे तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तू दहा वर्षं ते तोंडाबाहेर काढलं नाहीस असं मी धरून चालले आणि तुझ्या त्या गप्प बसण्याच्या आडोशाला राहिले. आता आडोसा गेला. आणि तुला माती देऊन आम्ही परत आलो त्याच दुपारी पुण्याच्या त्या संस्थेचं पत्र आलं. पोस्टमननं ते माझ्याकडे न देता राधाच्या हातात दिलं. तिला वाचता येतं आता. मीच शिकवलंय.

पुन्हा शिबिर आहे, पुन्हा परभणीला. येणंजाणं, जेवण, राहणं, सगळं देणगीदारांकडून. आपल्या वस्तीसाठी दहा जागा. खाली लिहिलंय की मागच्या वेळेसारख्या तुमच्या अटी असतील तर आधी कळवा. राधानं बायकांना विहाराच्या ओट्यावर बसवून ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मग कागदाची घडी घालत तिनं विचारलं, "दाराशी कोन बसनार, बाई?"

मी म्हटलं, बघू.

आत्या, बायकांना जायचं आहे. त्यांना का जायचंय ते तुला सांगायला नको. विद्यापीठाच्या नावाचं आता ठरणार, आठ दिवसांत ठरणार, असं रोज कुणीतरी रेडिओ ऐकून येऊन सांगतं, आणि गावात पुन्हा जाळपोळीच्या आधी होती तसली शांतता पसरायला लागली आहे. गिरणीवर आपल्या बायका डबे घेऊन गेल्या की बोलणं थांबतं. किराणा दुकानदार एरवी चार घरच्या चौकशा करायचा, तो आता फक्त वजन करतो. परवा मात्र त्यानं मला मुद्दाम विचारलं, "रविवारी समद्याच बाया जायल्यात का परभनीला?" मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? तो म्हणाला, असंच. फाट्यावर पोलिसांची गाडी उभी असते आणि तिच्याकडे बघून कुणालाच बरं वाटत नाही. राधाच्या उजव्या हाताची मूठ परत वळायला लागली आहे. भाकरी थापताना तिला डाव्या हातानं ती उघडावी लागते.

मी इथे आले तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावाला आणि त्यावरून वस्ती जाळली गेली त्याला वर्ष झालं होतं. जिंतूरकडची मी, नोकरी नवी, डोक्यात पुस्तकं भरलेली. चुडाव्याला गाडीतून उतरून दोन कोस चालत आले, तर वस्तीतली निम्मी घरं नव्या पत्र्याची आणि निम्म्यांच्या भिंती अजून काळ्या. घर कुणी देईना, तू खोली दिलीस. मी तुला तुम्ही म्हणायची. तिसऱ्या दिवशी तू वैतागलीस. "तुमी काय म्हनायलीस? मी काय सायेब हाय का?" तेव्हापासून तू.

तू बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणारी, अंग चोळणारी. जाळपोळीनंतर तुझ्याकडे ज्या बायका यायला लागल्या त्या कुणी बाळंतिणी नव्हत्या. कुणाचा जबडा आखडलेला, कुणाला भांडं पडलं तरी लघवी व्हायची, कुणाची पाठ लाकडासारखी. दवाखान्यात डॉक्टर म्हणायचा, काही झालेलं नाही, ताकदीच्या गोळ्या घ्या. तू पोटऱ्या चोळायला घेतल्यास की थोड्या वेळानं त्यांचे पाय थरथरायला लागायचे, आणि दुसरी कुणी असती तर घाबरून दाबून धरले असते. तू हात काढून घ्यायचीस. "येऊ दे, बाई. थंडी न्हाई, भूत न्हाई. तवा पळायचं राह्यलं व्हतं, ते पाय आता पळायलेत."

हे तुला कुणी शिकवलं, म्हणून मी किती वेळा विचारलं! तू म्हणायचीस, "गाय न्हाई का उठून अंग झाडत?" तुझ्या त्या खोलीचे नियम मात्र शाळेपेक्षा कडक होते. हात लावायच्या आधी विचारायचं, दरवेळी विचारायचं. ती बास म्हणाली की बास, मग कारण विचारायचं नाही. पायाशी एक बाई, दाराशी एक. दार सताड उघडं, फक्त जुन्या लुगड्याचा पडदा. आणि जिचं अंग मोकळं झालं तिनं दुसऱ्या दिवशी पाणी भरायचं नाही, शेजारणींनी तिचे हंडे भरून द्यायचे. हे शेवटचं वस्तीनं इतकं मनावर घेतलं होतं की हापशावर कुणी दुसरीचा हंडा भरायला लागली की कुणी काही विचारायचं नाही.

मला तू दाराशी बसवलंस. मला हात चालवता येत नव्हते आणि उगाच बोलायची खोड होती, म्हणून. दार उघडं का ठेवायचं हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, हवा यावी म्हणून. मी मुलांच्या वह्या तपासत तिथे बसायची. तू मध्येच आतून हाक मारायचीस, "बाई, हायेस का?" मी म्हणायची, आहे. त्या आत पडलेल्या बाईनं ते ऐकावं म्हणून तू विचारतेस, एवढं मला कळत होतं.

सगळ्या वस्तीतल्या बायका तुझ्या हाताखालून गेल्या, एक राधा सोडून. ती तुझी सून, तुझ्याच चुलीपाशी बसणारी. जाळपोळ झाली तेव्हा लग्नाला आठ महिने झालेले, नवरा पूर्णेला रेल्वेच्या कामावर, आणि ती तापानं फणफणलेली. पेटत्या घरातून ती मागची पऱ्हाटीच्या कुडाची भिंत फोडून बाहेर पडली, तेव्हापासून उजव्या हाताची मूठ उघडत नव्हती आणि चार भिंतींच्या आत तिला झोप येत नव्हती. तू तिच्यापाशी बसायचीस, विचारायचीस, "हात लावू का, राधे?" ती म्हणायची, "बास." अजून लावलेला नसताना बास. तू उठून जायचीस आणि त्या दिवशी कुणाशी धड बोलायची नाहीस. मला वाटायचं, राधा सासूपुढे लाजत असेल. पुस्तकं वाचणाऱ्यांना काय काय वाटतं!

मग पहिलं पत्र आलं. पुण्याची संस्था, शरीरात अडकलेलं भय मोकळं करण्याचं शिबिर, ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी देणगीदारांनी जागा घेऊन ठेवलेल्या. मी नाचायचीच बाकी होते. तू म्हणालीस, "फुकट हाय म्हनून भेत न्हाई मी. पर अंग आपलं हाय. घर त्यांचं, मान्सं त्यांची, आपन कुनाच्या भरवशावर डोळे मिटायचे?" दोन दिवस तू कुणाशी कुणाशी बोलत राहिलीस आणि तिसऱ्या दिवशी मला वही घेऊन बसवलंस. अटी. प्रत्येक बाईमागे वस्तीतली एक सोबतीण. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. बास म्हटलं की थांबायचं. फोटो काढायचे नाहीत. दार उघडं, आणि दाराशी आमची बाई. मी ते सगळं शुद्ध मराठीत उतरवलं, 'स्पर्शापूर्वी संमती घेण्यात यावी' वगैरे. वाचून दाखवल्यावर तू म्हणालीस, "हे कुनी लिव्हलं? कलेक्टरनं?" मग तुझ्याच शब्दांत लिहून पाठवलं, आणि त्यांचं उत्तर आलं की सगळं मान्य.

राधा स्वतःहून म्हणाली, मी येते. का ते तिनं सांगितलं नाही. तू मात्र त्या दिवशी दोनदा भाजीत मीठ घातलंस.

शिबिर वाईट नव्हतं, आत्या. आता कबूल करते. एका शाळेचं सभागृह, जमिनीवर सतरंज्या, आणि ती शिबिराची ताई, तिशीची असेल, आवाज हळू, प्रत्येकीजवळ बसून विचारायची. पाय रोवून उभं राहायचं, गुडघे सैल, श्वास पोटापर्यंत, आणि अंग जसं हलेल तसं हलू द्यायचं. पहिल्या दिवशी तू कोपऱ्यात बसून तिच्याकडे टक लावून बघत होतीस, सुगरण दुसरीचा स्वयंपाक बघते तशी. दुपारी जेवताना म्हणालीस, "येतंय गं हिला." तुझ्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

दुसऱ्या दिवशी राधाचे गुडघे हलायला लागले. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. गुडघ्यातून मांड्या, मांड्यांतून पोट, आणि मग तिच्या तोंडून एक आवाज आला, तो तिचा आहे हे मला आधी कळलंच नाही. बाकीच्या बायकाही रडत होत्या, ओरडत होत्या. तू तिच्या पायाशी बसली होतीस, हात न लावता.

बाहेर व्हरांड्यात लोक जमले. चहाच्या टपरीवरचे, कॉलेजातली पोरं, कुणी कुणी. एक म्हणाला, "नामांतरवाल्या हायत. अंगात आलंय." सगळे हसले. मी उभी राहिले, शाळेत दटावते तसं दटावलं. कुणी हललं नाही. एकानं माझ्या डोक्यावरून हात लांब करून पडदा बाजूला केला. आत राधाचा पदर खाली पडलेला होता. मी त्याचा हात झटकला, दाराच्या दोन्ही फळ्या ओढून घेतल्या, बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. आता या, म्हटलं.

मला वाटलं, मी तिला वाचवलं.

कडीचा आवाज केवढासा असतो. आतलं सगळं रडणं एकदम थांबलं आणि मग राधा ओरडली, आणि माझ्या पाठीवर दार धडकलं. पुन्हा धडकलं. तुझा आवाज आला, "कडी काढ! बाई, कडी काढ!" समोर ती माणसं उभी होती. उघडलं तर हिला अशा अवस्थेत सगळे बघतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी उघडलं नाही. वीस मोजावेत इतका वेळ मी उघडलं नाही. मग काच फुटली आणि बाहेरची माणसं पळाली, आणि मी कडी काढली.

राधा टेबलाखाली अंग मुडपून बसली होती. खिडकीवर मारलेल्या उजव्या हातातून रक्त वाहत होतं. ती शिबिराची ताई जवळ जात होती, तू तिला थांबवलंस. तू राधापासून दोन हात लांब गुडघ्यांवर बसलीस, दोन्ही तळवे तिला दिसतील असे पुढे ठेवलेस, आणि सगळ्यांच्या देखत म्हणालीस, "राधे, त्या दिशी घराला कडी म्या लावली व्हती."

मला ते तिथे कळलं, आत्या. त्या दुपारी सगळे रानाकडे पळत होते. राधाला उभंही राहवत नव्हतं. तू तिला धान्याच्या कणगीमागे निजवलंस आणि बाहेरून कडी लावलीस. घर रिकामं आहे असं दिसलं की पुढे जातील, माणसं मारायला आलेत, घराशी त्यांना काय करायचंय, असं तुला वाटलं. ती माणसं घरंच पेटवत आली होती. वस्तीत आणखी तिघीचौघींनी तसंच केलं होतं, पण त्यांच्या घरात कुणी नव्हतं.

राधा टेबलाखालून म्हणाली, "ठावं हाय मला. तुमच्या बांगड्या वाजल्या व्हत्या."

पाच वर्षं ती हे घेऊन तुझ्या हातची भाकरी खात होती, आणि पाच वर्षं तू तिला हात लावू का विचारत होतीस.

मग ताईनं विचारलं, पण आत्ता कडी कुणी लावली? आपली अट होती ना? ती माझ्याकडे बघत होती, नुसती विचारत होती, आरोप नव्हता. मी तोंड उघडायच्या आधी तू माझ्याकडे पाहिलंस. म्हणालीस, "भाईरच्या पोरांनी लावली आसंल." आणि मी मान हलवली. हो म्हणून.

परतीच्या गाडीत राधा खिडकीशी बसली, तू तिच्या शेजारी. मी मुद्दाम पलीकडच्या बाकड्यावर बसले. पूर्णा स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली होती. तुझे ओठ हलताना दिसत होते आणि राधा बाहेर बघत होती. मला वाटलं, त्या जाळपोळीच्या दिवसाचं सांगते आहेस.

पुढे वस्तीनं जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. आठ दिवस राधाचा एक हंडा तिला उचलू दिला नाही कुणी. तिची बाज अंगणात टाकलेली, आणि दिवसभर कुणी ना कुणी काम घेऊन तिच्या आसपास बसलेली, कुणी डाळ निवडत, कुणी गोधडी शिवत. बोलायला नाही, फक्त असायला. महिना होत आला तेव्हा एका दुपारी तू ओट्यावर बसली होतीस, राधा आली आणि तिनं आपलं पाऊल तुझ्या मांडीवर ठेवलं. तू विचारलंस, हात लावू का. तिनं मान हलवली. मी खोलीत जाऊन दार लावून रडले. माझ्यामुळे झालं ते चांगलं झालं की वाईट, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही.

तुला एकदाच विचारलं होतं, मला का वाचवलंस? तू शेंगा फोडत होतीस. म्हणालीस, "दार उघडं का ठिवायचं ते म्या तुला सांगितलं आस्तं, तर तू कडीला हात लावला नस्तास. म्हून ती कडी अर्धी माझी." बाकीच्या अर्ध्याचं काय, ते मी विचारलं नाही.

आपलं भांडण त्यानंतर सुरू झालं, आणि ते संपलंच नाही. मी म्हणायची, असली शिबिरं नकोत, कुणाच्या देणगीवर आपल्या बायका उघड्या पाडायच्या नाहीत. तावातावानं म्हणायची. तू म्हणायचीस, "शिबिरानं काय केलं गं? आपनच चुकलो. आपन आपल्या अटीचं कारन आपल्याच मानसाला सांगितलं न्हाई. परत जाऊ. बरूबर जाऊ." मी विषय बदलायची. मला त्या दाराशी परत बसायचं नव्हतं, एवढंच खरं कारण होतं, आणि त्याच्यावर मी तत्त्वं चढवत होते.

दर हिवाळ्यात तू विचारायचीस, "कागद आला का गं पुन्याचा?" मी म्हणायची, नाही.

तीन आले होते, आत्या. तीनही मी माझ्या पेटीत ठेवले. तुला वाचता येत नव्हतं आणि पोस्टमन पत्रं शाळेत टाकायचा, इतकं सोपं होतं ते. मागच्या महिन्यात दम लागून तुला बसवत नव्हतं तेव्हाही तू विचारलंस, आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, नाही आला. बोलायलाही तुला त्रास होत होता. तू म्हणालीस, "इसरले आसतील."

हे सगळं राधाला सांगायचं होतं.

काल सकाळी सांगितलं. ती हापशावर होती, आसपास कुणी नव्हतं. मी म्हटलं, राधा, परभणीला कडी मी लावली होती. ती हापसत राहिली. हंडा भरला, तिनं तो बाजूला सरकवला, दुसरा लावला.

"आत्याबाईनं गाडीतच सांगितलं व्हतं मला," ती म्हणाली. "म्हनली, कडी बाईनं लावली, तिला म्हाईत नव्हतं. हे तुला कळाया पायजे, न्हाईतर पुन्यांदा कुनाच्या हाताखाली तू डोळे मिटशील? पर तू तिला इचारू नको. ती तिच्या तोंडानं सांगंल."

मला बसावंसं वाटलं. बसायला काही नव्हतं.

"दहा सालं वाट बघिली, बाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. त्यानंच मला जास्त भीती वाटली.

मग मी पत्रांचं सांगितलं. खरं तर आता कडीचं ओझं उतरलंच आहे तर हेही सांगून टाकावं, इतक्या सहज सांगितलं. तीन वेळा बोलावणं आलं होतं, मी दाबून ठेवलं. राधाचा हात हापशाच्या दांड्यावरच थांबला.

"तीन?"

हो म्हटलं.

"तिला सवता जायाचं व्हतं," राधा म्हणाली. "आमच्यासाठी न्हाई. सवतासाठी. घराला कडी लावली त्या दिसापासून तिचं अंग एकदा बी हाललं न्हाई. मी म्हनायचे, आत्याबाई, आडव्या व्हा, मी बसते पायाशी. ती म्हनायची, तुज्यापुढं कशी थरथरू गं मी? वस्तीत कुनापुढं थरथरू? समद्या माज्याच भरवशावर हायत. तिकडं परक्यात जाईन, कागद येऊ दे. लास्टला दम लागायला तवा बी म्हनली, कागद आला आस्ता तर बरं झालं आस्तं."

आत्या, मला हे माहीत नव्हतं. चौदा वर्षं एका भिंतीपलीकडे राहून मला हे माहीत नव्हतं. तू सगळ्यांचे पाय धरलेस आणि तुझे कुणी धरले नाहीत, हे कधी माझ्या ध्यानातच आलं नाही. मी तुझ्या हातांकडेच बघत राहिले.

राधानं विचारलं, कुठं आहेत ते कागद. मी घरी जाऊन पेटी उघडली आणि आणून दिले. तिनं ते तिथेच, हापशापाशी उभं राहून, एक एक करून मोठ्यानं वाचले. कुणासाठी मोठ्यानं वाचत होती कोण जाणे. दोन बायका हंडे घेऊन आल्या आणि लांबच थांबल्या. तिसऱ्या पत्राच्या शेवटी त्या ताईनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: अनसाबाईंनी मागच्या वेळी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढच्या खेपेला मी स्वतः आडवी होणार. त्यांच्यासाठी दरवेळी एक जागा राखून ठेवतो. त्या बऱ्या आहेत ना?

मी ते पत्र तेव्हा तिथपर्यंत वाचलंच नव्हतं.

राधानं घडी घातली. म्हणाली, रविवारी दाराशी ती बसणार आहे. निम्म्या बायका जातील, निम्म्या वस्तीत थांबतील. जाताना कुणी घराला कडी लावायची नाही, कुलूप लावायचं नाही, गावानं काय बघायचं ते उघड्या दारातून बघावं. दहावी जागा रिकामी आहे असंही तिनं सांगितलं. मला ये म्हणाली नाही, येऊ नको असंही म्हणाली नाही. मग तिनं भरलेला हंडा उचलला आणि तो माझ्या दाराशी नेऊन ठेवला.